लाल झग्यातली मुलगी

मे महिन्याच्या सुट्टीत तो सिनेमा टीव्हीवर हमखास लागतो. एक आजोबा, त्यांची दोन नातवंडं आणि एक चिडकं खेचर डोंगरापलीकडचं हरवलेलं तळं शोधायला निघतात, अशी साधी गोष्ट आहे. माझी मुलगी तो कितीही वेळा बघू शकते. शेवटी नावांची पाटी वर सरकायला लागली की ती टीव्हीला नाक लावून उभी राहते, कारण त्या पाटीत अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिच्या आईचं नाव आहे. मैत्रिणींना बोलावून ती ते दाखवते. त्यांना ते वाचताही येत नाही, पण टाळ्या वाजवतात.

मला मात्र त्यातला बाजार बघवत नाही. बाजार सुरू झाला की मी कुकर लावायला उठते आणि ओट्यापाशीच रेंगाळते. त्या सिनेमाच्या दिवशी आमच्याकडे डाळ नेहमी जास्त शिजते.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबांना हडपसरच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली तेव्हा मी दुसरीत होते आणि माझी धाकटी बहीण अजून बोबडं बोलत होती. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे पार मांजरी गावापर्यंत ऊस. आता तिथे ऊस बघायचा तर रसवंतीत जावं लागतं.

धाकटी पहिलीत असताना तिच्या डाव्या पापणीवर एक पांढरा ठिपका उमटला. आईला वाटलं पावडर राहिली, तिने पदराच्या टोकाने पुसून काढायला पाहिलं. वर्षभरात दोन्ही पापण्या, ओठांच्या कडा, बोटांची पेरं आणि कोपरं पांढरी झाली. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. 'तिचं ते' असं म्हणायचे, आणि तेही आवाज खाली आणून.

मग जे सगळ्यांच्या घरी होतं ते झालं. बावचीचं तेल लावून तिला उन्हात बसवायचे. दही बंद, लोणचं बंद, चिंच बंद. ज्या बाईंच्या घरी कुणी कधी धड बरं झालं नव्हतं त्यासुद्धा येऊन औषध सांगून जायच्या. लांब बाह्यांशिवाय कपडा नाही, आणि लाल रंग तर मुळीच नाही, कारण लालात डाग उठून दिसतात. दिवाळीला मला लाल परकर आला की तिला राखाडी यायचा. ती रडायची नाही. माझा परकर हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि घडी करून ठेवायची.

कोड दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. 'सगळ्यात जास्त दुखतं ते बघणाऱ्याला,' असं ती मोठी झाल्यावर म्हणायची. तिची जीभ लहानपणापासूनच तिखट होती. शाळेच्या खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असे, त्याला आम्ही सगळी मुलं 'अंगाचा रंग' म्हणायचो. एकदा तिने तो खडू आपल्या बोटाच्या पेरावर धरून पाहिला, मग माझ्या दंडावर धरला. 'ताई, माझं बरोबर आलंय,' ती म्हणाली, 'तुमचंच सगळ्यांचं चुकलंय.'

आई वाईट नव्हती, हे मला इथेच सांगून टाकायचंय. तिचा जीव तुटायचा म्हणूनच ती झाकायची. औषधाच्या दुकानातून ती डाग लपवायची बाटली घेऊन आली. चहाच्या रंगाचं पातळ औषध, कापसाने टिपून टिपून लावायचं. आठवीच्या गॅदरिंगला आईने ते धाकटीला तासभर बसून लावलं. ती सुंदर दिसत होती, आणि ती सुंदर दिसतेय म्हणून आई पडवीत उभी राहून डोळे पुसत होती. नाचताना घाम आला. रंग गालांवरून ओघळला, पुढच्या रांगेतल्या मुली किंचाळल्या. घरी आल्यावर धाकटीने बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

'काहून ओतली पोरी?' आई ओरडली. 'लोकं काय म्हणतीन?'

'आहे ते बरं,' धाकटी म्हणाली. 'निदान ओघळत तरी नाही.'

त्या दिवसापासून तिने तोंडाला काही लावलं नाही. कुणी टक लावून बघितलं तर ती उलट तितकीच टक लावून बघायची, समोरचा नजर वळवेपर्यंत. बसमध्ये हा खेळ ती नेहमी जिंकायची.

शनिवारी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्टूनच्या सिनेमांच्या सीड्या भाड्याने आणायचो. मी चित्रं बघायचे, ती गोष्ट बघायची. दुष्टाच्या तोंडावर नेहमी डाग असतो, व्रण असतो, हे तिने दाखवेपर्यंत मला दिसलंही नव्हतं. आणि चांगल्या माणसावर कुणी शाप टाकून त्याला कुरूप केलेलं असेल, तर शेवटी तो शाप सुटायचाच. कातडी उजळायची, कुबड सरळ व्हायचं, मग लग्न लागायचं.

'शेवटी सगळे बरेच का होतात गं?' तिने एकदा विचारलं. 'तसाच राहून कुणी जिंकत का नाही?'

'गोष्ट आहे ती,' मी म्हणाले.

मला चित्रांचं वेड होतं. त्या वर्षांत पुण्यात कॉम्प्युटर या शब्दाला देव्हाऱ्यातल्या देवाचा मान होता. चित्रकला शिकणार म्हटल्यावर बाबांचं तोंड उतरलं होतं. कॉम्प्युटरवर चित्रकला म्हटल्यावर त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दोन वर्षांचा कोर्स झाला आणि हडपसरलाच, जिथे आधी ऊस होता तिथे उठलेल्या काचेच्या एका इमारतीत, ॲनिमेशनच्या स्टुडिओत मला नोकरी लागली. परदेशातले मोठे सिनेमे तिकडे ठरायचे आणि त्यांची हमाली आमच्याकडे यायची. नायकाला आम्ही हातही लावत नव्हतो. आमच्या वाट्याला गवत यायचं, दगड यायचे, खेचराच्या शेपटीचे केस यायचे. माझ्या एका मैत्रिणीने अख्खा पावसाळा नुसता चिखल केला. आई बाहेर सांगायची, पोरगी सिनेमात आहे. मग बायका मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि गप्प बसायच्या.

धाकटी बी.ए. झाली. तिला नोकरी मिळाली नाही. एका शाळेत तर तिला समोर बसवून सांगितलं की मुलांचं काही नाही हो, पण पालक तक्रार करतात. तिने घरच्या पडवीत पहिली ते चौथीची शिकवणी सुरू केली. शेजारपाजारची पोरं यायला लागली आणि तिच्या धाकात राहून पाढे शिकायला लागली.

त्याच सुमारास मला स्थळं यायला लागली. पहिल्या स्थळाच्या वेळी आईने धाकटीला सकाळीच मांजरीला मावशीकडे पाठवून दिलं. अशा वेळी बहिणीला 'परगावी' पाठवायचं, हा आमच्याकडे ठरलेला रिवाज. एका बहिणीला कोड म्हणजे दुसरीच्या रक्तातही असणार, असा हिशेब लोक मांडतात. वारज्याहून मुलाकडची माणसं आली, बसली. मी पोह्यांचा ट्रे उचलणार तेवढ्यात मागच्या दाराने धाकटी आत आली. मावशीला चकवून ती सहा आसनी रिक्षाने परत आली होती. तिने माझ्या हातातला ट्रे घेतला, बाहेर गेली, प्रत्येकाच्या हातात बशी दिली आणि म्हणाली, 'मी हिची सख्खी धाकटी बहीण. आधी बघून घ्या, मग बोलू.'

स्थळ मोडलं. मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. तो मुलगा 'ॲक्च्युअली' म्हटल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नव्हता. पण त्या संध्याकाळी आई जेवली नाही, आणि धाकटी तिच्यासमोर ताट घेऊन बसून राहिली. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला. ही मुलगी कुणालाही हार जाणार नाही असं मी मनात म्हटलं होतं.

आता त्या सिनेमाविषयी. खेचर आणि आजोबा एका मोठ्या बाजारातून जातात, आणि त्या बाजारात जगातली सगळ्या तऱ्हेची माणसं दिसली पाहिजेत, अशी मागणी तिकडून आली होती. लहान मुलांच्या सिनेमात सगळे एकाच साच्यातले असतात अशी तिकडे म्हणे टीका होत होती. मागणी चांगली होती. पण ती पुरी करणार होतो आम्ही, ज्यांच्यापैकी निम्म्यांनी लोणावळ्यापलीकडे पाय ठेवलेला नव्हता. आपल्या देशाच्या वाट्याला तिकडूनच एक फेटेवाला आणि एक टिकलीवाली बाई ठरून आली होती. उरलेली गर्दी आम्ही भरायची. सावळी मुलगी करा म्हटलं की आमची पोरं तिला दोन छटा उजळ करून ठेवायची. मुद्दाम नाही, हातच तिकडे वळायचा. मी म्हणायचे, अरे, आरशात बघा, सावळं म्हणजे काय ते कळेल. ते हसायचे. स्वतः चांगले काळेसावळे असलेले जास्त हसायचे.

गर्दीतल्या मुली माझ्याकडे आल्या होत्या. मी घरी जाऊन धाकटीला विचारलं, 'तुझ्यासारखी एक करू?'

ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, 'शेवटी बरी करणार असशील तर नको.'

'गर्दीतली आहे गं ती. तिला शेवटच नाही.'

मग ती हसली. रविवारी गच्चीवर समोर बसली आणि मी तिची चित्रं काढली. स्वतःचा फोटो ती कधी काढू द्यायची नाही, पण त्या दिवशी मान वर करून बसली. मी पापण्या जरा सांभाळून रंगवल्या तर ओरडली, 'डावी जास्त आहे. खरं काढ. कोपरं विसरू नकोस.' आणि मग, 'तिला बिनबाह्यांचा झगा दे. लाल.'

मी दिला. लाल झगा, उघडे हात, पांढऱ्या पापण्या, पांढरी पेरं. सरबताच्या गाडीपाशी ती उभी असते, खेचर तिच्यापाशी येऊन अडतं, ती वर बघते आणि हसते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारं दृश्य. ती मुलगी मी कॉलवर, आमचं काम बघणाऱ्या परदेशातल्या बाईंना दाखवली. त्या दोनदा बघून म्हणाल्या, छान आहे, अशीच राहू दे. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा धाकटीने मला गच्च धरलं होतं. ती माणसांना मिठी मारणाऱ्यातली नव्हती.

तिने ते शिकवणीच्या पोरांना सांगितलं. एरवी कुणी विचारलं, तुमचं तोंड असं का, तर ती म्हणायची, 'देव रंगवत होता, मध्येच लाइट गेली.' आता म्हणायला लागली, 'माझ्यासारखी मुलगी सिनेमात येणारेय. मोठ्या पडद्यावर. बघा मग.' शेजारची एक पहिलीतली मुलगी तर रोज विचारायची, टीचर, कधी येणार?

आमच्या स्टुडिओत एक पद्धत होती. काम परदेशी गेलं आणि तिकडून चूक निघून परत आलं, की ती चूक ज्याची त्याच्या नावावर चढायची आणि पगारवाढीच्या वेळी समोर यायची. म्हणून आम्ही एकमेकांना सांभाळून घ्यायचो. काम बाहेर पडायच्या आधी शेवटची तपासणी ज्याच्याकडे असेल, त्याला कुणाची चूक दिसली तर त्याने ती गुपचूप दुरुस्त करायची. बोभाटा करायचा नाही. ज्याची चूक होती त्याने खालच्या टपरीवर चहा पाजायचा. आणि नियम असा, की कुठली चूक ते विचारायचं नाही. विचारणं म्हणजे उपकाराची चिरफाड, असं मानत. ही पद्धत मला फार आवडायची. आपल्या माणसांची पद्धत वाटायची.

त्या बाजाराची शेवटची तपासणी एका पेठेतल्या सहकाऱ्याकडे होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कामात चोख, बोलणं खवचट. काम रवाना झालं त्या दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. 'मॅडम, आपली एक भानगड निस्तरलीय मी. चहा आपल्याकडे.'

'आपण होतात म्हणून वाचले,' मी त्याच्याच सुरात म्हणाले. टपरीवर गेलो. मी चहा पाजला, वर क्रीमरोल घेतला. त्याने बुडवून खाल्ला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सिनेमा लागला तो हिंदीत. मॉलमधल्या थिएटरात रविवारची तिकिटं काढली. आई, धाकटी, मी, आणि धाकटीने हट्टाने बरोबर घेतलेली ती शेजारची मुलगी. बाबांची ड्यूटी होती. निघताना धाकटी बाहेर आली आणि आई बघतच राहिली. लाल कुर्ता. बिनबाह्यांचा. कधी विकत घेतला कोण जाणे. उघडी कोपरं, उघडी पेरं. आई 'चाला,' एवढंच म्हणाली. दारावरच्या गार्डने आईच्या पिशवीतला चिवडा काढून घेतला, तेव्हा आई त्याला म्हणाली, 'बाप्पा, चिवड्याले कायले घाबरता?' आणि धाकटी इतकी हसली की रांगेतले सगळे वळून बघायला लागले. तिने त्यांच्याकडे उलट बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी तिला त्याची गरज वाटत नव्हती.

बाजार सुरू झाला. मी तिचा हात धरला. 'आता,' मी म्हणाले. फेटेवाला गेला. टिकलीवाली बाई गेली. खेचर अडलं. लाल झगा आला. मुलीने वर बघितलं आणि हसली.

पापण्या सावळ्या होत्या. ओठ सावळे. हात, पेरं, कोपरं, सगळं एकसारखं, गुळगुळीत, सावळं. खेचर पुढे गेलं.

'मायबाई, किती गोड पोरगी बनवली!' आई म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

ती शेजारची मुलगी सीटवर उभी राहिली होती. 'टीचर, तुमच्यासारखी कुठं हाय?'

'ती काय, आत्ता गेली ना. लाल झग्यातली.'

'तिला तर कायच नव्हतं.'

धाकटीने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. 'बरी झाली ती,' ती म्हणाली.

पुढचा सिनेमा मी बघितला नाही. नावं सरकायला लागल्यावर धाकटीने माझं नाव शोधलं आणि टाळ्या वाजवल्या, खऱ्याच वाजवल्या. बाहेर आल्यावर एसीमुळे गार वाटतंय म्हणून तिने आईची शाल मागून घेतली आणि हात झाकून घेतले. बाहेर ऊन होतं.

सोमवारी मी त्या सहकाऱ्याला गाठलं. नियम मोडला. विचारलं, 'कुठली भानगड निस्तरली होतीस?'

तो हसला. 'अगं, त्या लाल झग्यातल्या पोरीच्या तोंडावर पांढरे चट्टे होते. रंग नीट चढलाच नव्हता. भलतंच दिसत होतं. तिकडे गेलं असतं तर तुझ्या नावावर लागलं असतं. मी भरून टाकले. म्हटलं, आधीच बिचारी एवढं राबतेय.'

'ती माझी बहीण आहे,' मी म्हणाले.

त्याला आधी समजलं नाही. मी सगळं सांगितलं, पापणीपासून कॉलपर्यंत. त्या कॉलला तो नव्हता, तोंडी होकार त्याच्यापर्यंत आलाच नव्हता. तो खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, 'परत घालता नाही का येणार?' त्यालाही माहीत होतं, नाही येणार. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, घसा भरून ओरडायचं होतं. पण त्याने ते माझ्यासाठी केलं होतं, आणि त्याच्या चहाचे पैसे मी दिले होते. मी जागेवर जाऊन बसले आणि भिंतीवरच्या पोस्टरमधल्या खेचराच्या शेपटीकडे बघत राहिले. पुढे आम्ही बरीच वर्षं शेजारी काम केलं. त्याने परत कुणाकडे चहा मागितला नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी धाकटीला खरं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. कुणी मुद्दाम पुसलं नाही, परदेशातल्या बाईंना तर ती आवडली होती, नुसती एक गैरसमजूत झाली, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं.

'म्हणजे चांगल्या मनानेच केलं ना त्याने?'

'हो गं. अगदी चांगल्या मनाने.'

'तेच तर,' ती म्हणाली. 'वाईट मनाने केलं असतं तर भांडले असते.'

जे तिला हसले, जे बसमध्ये सरकून बसले, ज्यांनी नोकरी नाकारली, त्यांच्याशी ती एकटी लढत आली होती आणि जिंकत आली होती. पण आई कापसाने टिपत बसायची तीही मायेने, मावशी तिला मांजरीला ठेवून घ्यायची तीही मायेने, आणि आता हा परका माणूस, तिला न बघता, न ओळखता, मायेनेच तिला पुसून गेला. मायेशी कसं भांडायचं? आजवर तिने कुणाकडून काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदाच मागितलं, आणि तेही गर्दीत, सरबताच्या गाडीपाशी, क्षणभर उभं राहायला जागा.

तो आठवडा ती नेहमीसारखी वागली. शनिवारी सकाळी मी पडवीत पेपर वाचत होते. आतून आईचा आवाज आला, खूप दिवसांनी असा हलका. 'थांब, तिथं कानाजवळ राहिलं. मले दे कापूस.' मी आत गेले. धाकटी आरशासमोर बसली होती आणि हातात नवी बाटली होती. स्वतः जाऊन घेऊन आली होती. अंगात लांब बाह्यांचा राखाडी पंजाबी ड्रेस.

'आता नवीन निघालंय,' ती मला म्हणाली. 'घामाने ओघळत नाही म्हणे.'

आई मागे उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. 'पाह्य, किती छान दिसून राहिली माझी पोर,' ती म्हणाली. इतकी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी धाकटीकडे कामावरच्या नजरेने पाहिलं, तसं बघायची सवयच लागली होती. पापण्या, ओठ, पेरं. कुठे कड दिसत नव्हती. चूक काढायला तिने जागाच ठेवली नव्हती.

शिकवणीची पोरं जमली. ती शेजारची मुलगी सगळ्यात पुढे सतरंजीवर बसली, आणि पाटी काढता काढता थांबली. धाकटीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

'टीचर,' तिने विचारलं, 'तुम्ही पण बऱ्या झाल्या?'

'हो,' धाकटी म्हणाली. 'चल, सातचा पाढा म्हण.'